मायचे तिखट हात

नंदुरबारच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली, तेव्हा मायने माझ्या गालावरून मनगट फिरवलं. हात नाही, मनगट. पलीकडच्या खिडकीपाशी एक आई लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून तिचे मुके घेत होती. आणि माझी माय दोन्ही पंजे अंगापासून लांब धरून उभी होती, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी. हे डॉक्टरबिक्टर मला आत्ता सुचतंय. तेव्हा एवढंच वाटलं, की आज तरी हिने नीट जवळ घ्यायला पाहिजे होतं. कंडक्टरने घंटी मारली. माय खिडकीखालून ओरडली, "पोचनी म्हनजे फोन कर!" आणि आबा, म्हणजे माझे वडील, उगाच गाडीच्या टायरकडे बघत राहिले.

तुम्हा गल्लीतल्या पोरींना मनगटाचं काही सांगायला नको. तुमच्याही आया तशाच. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना कळायला हवं. आमच्याकडे व्यापारी ओली लाल मिरची विकत घेतात आणि मोकळ्या रानात उन्हात पसरून वाळवतात. त्या रानाला आम्ही पथारी म्हणतो. आमचं घर पथारीला लागूनच. माय तिथे मिरची पसरायची, पालटायची, वाळली की बसून देठं खुडायची. पावसाळ्यात पथारी बंद, तरी गोदामातल्या मिरचीचं खुडणं थोडंफार चालूच. असं काम करणाऱ्या बाईच्या हातात मिरची मुरते. साबणाने धुवा, ताकाने धुवा, तेल चोळा, जात नाही म्हणजे नाही. म्हणून माय आम्हाला कुरवाळायची ती मनगटाने. ताप बघायचा तो मनगटाने. परीक्षेत पहिला नंबर आला तरी शाबासकीला पाठीत कोपर बसायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच आया अशा करतात.

नाशिकला मी निघाले होते ते बी.एस्सी. करायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ते खरंही होतं आणि खोटंही. बारावीनंतर दिलेली डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा, नीट, पार आपटली होती. आमच्या शाळेतून आजवर कोणी डॉक्टर झालं नव्हतं, त्यामुळे ती परीक्षा देतात कशी तेच मला पेपर देताना कळलं. मला अजून एकदा द्यायची होती. आबा व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ते म्हणाले, "शिकनं ते शिक, पन घर बशी ऱ्हाऊ नको." घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला लागतात, हे त्यांना माहीत होतं. आणि वर्षभर क्लास लावून शहरात राहायचं, तर राहायचं कुठे? सरकारी हॉस्टेलात खोली मिळते ती कॉलेजात नाव असेल तर. नाव असलं म्हणजे हजेरी हवी, प्रॅक्टिकल हवं, पास व्हायला हवं. मग ठरलं. दिवसभर बी.एस्सी. आणि उरलेल्या वेळात नीट. उरलेला वेळ म्हणजे किती, ते तिथे गेल्यावर कळलं.

गाडी साक्रीला थांबली, तेव्हा मी मायने दिलेला डबा उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा. शेजारच्या आजोबांना ठसका लागला आणि त्यांनी सीट बदलली. मला अख्खी खिडकी मिळाली आणि त्याच खिडकीत मी सटाण्यापर्यंत पोटभर रडले.

नाशिकची पहिली आठवण विचाराल तर वरणात गूळ! मेसच्या मावशी फार चांगल्या, पण त्यांचा हात गोड. पहिल्या आठवड्यात मी घरून आणलेल्या चटणीवर दिवस काढले. माझ्या खोलीत रमिला होती, तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरची. वॉर्डन आम्हाला "नंदुरबारच्या दोघी" म्हणायची, जशा काही आम्ही सख्ख्या बहिणी. प्रत्यक्षात तिची पावरी मला कळत नव्हती आणि माझी अहिराणी तिला अर्धीच. आम्ही आपापसांत शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायचो, एकदम स्वच्छ. भांडायचोसुद्धा त्याच मराठीत. "कृपा करून दिवा बंद कर" असं भांडण तुम्ही कधी ऐकलंय? पण जेवणाच्या ताटातलं वरण बाजूला सारताना आम्ही एकमेकींकडे बघायचो, आणि तिथे भाषेची गरज लागत नव्हती.

आता त्या दिवसांबद्दल. पोरींनो, तुम्ही फोनवर विचारता, दोन्ही कसं केलंस. कसं केलं म्हणजे, धड काहीच नीट केलं नाही. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग जर्नल. वनस्पतीच्या खोडाचा पातळ काप काढायचा, काचेवर ठेवायचा, चित्र काढायचं, नावं द्यायची, सरांची सही घ्यायची. हे सगळं होईस्तोवर ऊन कलायचं. नीटचे प्रश्न मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून ओढणीत बांधून न्यायचे आणि रसायनाच्या लॅबमध्ये ब्युरेट रिकामं होईपर्यंत एकेक काढून बघायचे. एकदा बघता बघता द्रावणाचा रंग कधीच पालटून गेला आणि बाई म्हणाल्या, "अगं, गुलाबी म्हटलं होतं, जांभळं नव्हे." कॉलेजच्या परीक्षेत पानभर उत्तर लिहायचं असतं, तर मला चार पर्यायांची सवय लागलेली. एका दहा गुणांच्या प्रश्नाला मी दोन ओळींत उत्तर लिहून मोकळी झाले. प्राणिशास्त्राच्या सरांनी पेपर दाखवून विचारलं, "बाई, बाकीचं उत्तर नंदुरबारला राहिलं का?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मनातून सतत धाकधूक. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. परीक्षेला बसले नाही तर वर्ष जाईल. वर्ष गेलं तर खोली जाईल. खोली गेली तर परत नंदुरबार, आणि मग पथारीच्या कडेला बसून देठं. मायने तेवढ्यासाठीच मला कधी खुडायला बसू दिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही हाकलून द्यायची, "तू पुस्तकले हात लाव, मिरचीले नको लावू." चार पोरी खुडून खर्चाला पैसे मिळवायच्या आणि मी आत पुस्तक धरून बसलेली. लाज वाटायची. त्या लाजेचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी अभ्यास करायचे.

रमिला कपडे धुता धुता मला प्रश्न विचारायची. तिला स्वतःला तलाठी व्हायचं होतं, हृदयाच्या झडपांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण वर्ष संपेपर्यंत तिला झडपा माझ्याइतक्याच पाठ झाल्या. "चुकलीस," ती साबण चोळत म्हणायची, "डावीकडे दोन पाकळ्यांची. परत सांग."

परीक्षा मे महिन्यात. त्यासाठी कपड्यांचे नियम असतात. बाह्या अर्ध्या, रंग फिका, मोठी बटणं नकोत, खिसे नकोत, बूट नको. मी फोनवर मायला वाचून दाखवलं आणि तिने ते मनावर घेतलं. दिवाळीत घरी राहिलेला माझा फिका निळा कुर्ता तिने शोधून काढला, बाह्या कापल्या, हाताने शिवल्या, धुतला, वाळवला आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी स्वतः घेऊन आली. पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब आली होती. सोबत मेसच्या मावशींना थैलीभर मिरची, कारण हॉस्टेलात पाहुण्याला मुक्काम नाही आणि ती रात्र त्यांच्याकडे काढायची होती. माझ्याकडे बघून तिने मनगट गालावर फिरवलं. रमिला नंतर हळूच म्हणाली, "तुझी आई तुला हात का नाही लावत? भांडण झालं का?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझी आई मोहाची फुलं वेचून आली की तिच्या हाताला गोड वास येतो."

दुसऱ्या दिवशी मी तो कुर्ता घातला. टाके इतके बारीक होते की मशीनचे वाटावेत.

पेपर दुपारचा. वर्गात पंखे होते, पण वारा गरम. मी आधी जीवशास्त्र घेतलं, छान चाललं होतं. झडपांचा प्रश्न आला तेव्हा मनात हसलेसुद्धा. मानेवरून घाम गळत होता. रुमाल आत नेऊ दिला नव्हता, म्हणून मी बाहीने कपाळ पुसलं. मग डोळ्याची कड पुसली.

आई गं!

काय झालं ते मला एका क्षणात समजलं. मायने कुर्ता घरामागच्या दोरीवर वाळत घातला असणार. दोरीपलीकडे पथारी. त्या दिवशी मिरची पालटली असणार, आणि तिचा बारीक तांबडा धुरळा ओल्या कापडाने पिऊन घेतला असणार. वर कुर्ता प्रवासभर मिरचीच्या थैलीशेजारी एकाच पिशवीत. आमच्याकडे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमची नाकं मरून गेलीत. घामाने कापड भिजेपर्यंत मलाही वास आला नव्हता, आणि मी नंदुरबारची आहे म्हणून मिरवते. पुढच्या बाकावरची मुलगी एकसारखी शिंकायला लागली. पर्यवेक्षक बाई फेरी मारता मारता म्हणाल्या, "कुणी बाम लावून आलंय का?"

दोन्ही डोळ्यांत जाळ. हात आपोआप वर गेला आणि तेवढ्यात लहानपणी मायने शंभरदा बजावलेलं आठवलं. "डोया चोयू नको. पानी लावू नको. रडी ले. आपलं आपनच निंघी जास." म्हणून मी पेन खाली ठेवलं, उत्तरपत्रिका बाजूला सारली, कारण तिच्यावर थेंब पडला की गोल पुसटून जायचे, आणि बाकावरून मान बाहेर काढून रडायला बसले. ठरवून रडले. बाई धावत आल्या. "काय झालं? बरं नाही का? बाहेर जायचंय?" मी मानेनेच नाही म्हटलं. आजूबाजूच्या पोरींना वाटलं असणार, हिला काही येत नाही बिचारीला. आणि मला येत होतं हो! सगळं येत होतं, पण प्रश्न दिसत नव्हता.

डोळे उघडायला लागले तेव्हा बराच वेळ गेला होता. भौतिकशास्त्राची शेवटची पानं तशीच राहिली.

बाहेर आले तर माय फाटकापाशी, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. माझे डोळे बघून तिचा चेहरा उतरला. "काय व्हयनं?"

"अवघड होता गं पेपर," मी म्हटलं. "रडू आलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाहीचं टोक दोन बोटांत धरलं, जरा चोळलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, टाका उसवलाय का ते बघतेय. खरं तिला सांगायची माझी छातीच झाली नाही. त्या बाह्या तिने चष्मा लावून, दिवसभर खुडून आल्यावर शिवल्या होत्या. सांगितलं असतं तर ती जन्मभर स्वतःला खात बसली असती. ती फक्त म्हणाली, "व्हई जाई पुढल्या साले," आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन माझ्या बाजूने चालत राहिली.

निकाल लागला. थोडक्यात हुकलं. थोडक्यात हुकण्याचं दुःख कसं असतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. आबा म्हणाले, बी.एस्सी. चाललीच शे ना, मग झालं. मी दुसऱ्या वर्षाला नाव घातलं. परत तीच लेक्चरं, तीच जर्नलं, चिठ्ठ्या मात्र नव्या. प्राणिशास्त्राच्या सरांना आता माझं बिंग ठाऊक झालं होतं. ते म्हणायचे, "दोन दगडांवर पाय ठेवलाय, निदान दगड तरी जवळजवळ ठेव." आणि प्रॅक्टिकल संपल्यावर लॅब उघडी ठेवायचे, कारण तिथे शांतता असायची.

त्या वर्षी पाडव्यानंतर मायचे फोन वेगळ्या वेळेला यायला लागले. सकाळी, भर कामाच्या वेळात. एकदा मी विचारलं, पथारीवर नाहीस का? तर म्हणाली, म्हसावदला आले, तुझ्या मावशीकडे, आखाजी जवळ आली ना. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा लेकीबाळींचा सण, माहेरी यायचं, झोके बांधायचे, गाणी म्हणायची. मी मनात म्हटलं, बघा, लेक इकडे पुस्तकात मरतेय आणि आईला माहेरपण सुचतंय. खरं सांगते, मला रागच आला. झोक्यावर बसायची पाळी माझी होती, तर मी ब्युरेट धरून उभी होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माय आली. मेसच्या मावशींनी हसून विचारलं, "काय ताई, यंदा मिरची नाही?"

"यंदा नही, ताई," माय म्हणाली. "पेपर व्हई जाऊ द्या."

मी धावत तिच्याकडे गेले. ती दोन पावलं मागे सरली. "जोडे येऊ नको. आते नही." मग तिने पिशवी रमिलाच्या हातात दिली. "तू काढ बेटा, तुन्हा हात चांगला शेतस." आत प्लास्टिकच्या तीन पिशव्या, एकात एक, आणि सगळ्यात आत तोच फिका निळा कुर्ता. रमिलाने नाकाला लावला. नुसत्या साबणाचा वास. मायने तो म्हसावदला धुतला होता आणि मावशीच्या घरात, दार लावून वाळवला होता. म्हसावदला केळी आहेत, पपई आहे, मावशीच्या घराजवळ पथारी नाही.

मी तशीच उभी राहिले. म्हणजे हिला माहीत होतं. गेल्या वर्षी फाटकापाशी माझे डोळे बघितले तेव्हाच तिला कळलं होतं. रडलेला डोळा कुठला आणि मिरचीचा कुठला, हे तिला नाही कळणार तर कोणाला? वर्षभर ती एक शब्द बोलली नव्हती, कारण मी बोलले नव्हते. आणि सण वगैरे काही नव्हतं. पाडव्यापासून तिने पथारीवर पाऊल टाकलं नव्हतं, हे नंतर आबांकडून कळलं. मुकादमाने दोनतीनदा निरोप धाडला, दुसरी बाई लावीन म्हणून दम दिला, तरी गेली नाही. मी तिकडे हजेरीसाठी जीव काढत होते आणि तिने इकडे तिची हजेरी माझ्यासाठी बुडवली होती.

"माय..." मी म्हटलं.

"अभ्यास कर," ती म्हणाली. "मंग बोलू."

पेपर सोपा नव्हता. पण मी शेवटच्या पानापर्यंत पोचले, शेवटचा गोल भरला आणि तरी घंटा व्हायला वेळ होता. बाहीने कितीदा तरी घाम पुसला. काही झालं नाही.

फाटकाबाहेर माय उभी होती. या वेळी तिने काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, "आते ये," आणि माझं तोंड दोन्ही तळहातांत धरलं. पूर्ण तळहात. वीस वर्षांची होते मी आणि मायचा तळहात गालाला कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. खरखरीत होता, बोटांना भेगा होत्या, गरम होता. झोंबला नाही. मिरचीचा जरासुद्धा वास नव्हता, आणि काय सांगू, एक क्षण मला परकं वाटलं, दुसऱ्याच कोणाचे हात असल्यासारखं. मग तिने अंगठ्याने माझ्या डोळ्याखालचं पुसलं आणि मी तिथेच, सगळ्या पालकांच्या देखत, हंबरडा फोडला. "अवघड व्हता का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नही वं माय, सोपा व्हता." दोघी रडत हसत होतो. लोक बघत होते. बघू देत.

तर पोरींनो, असं झालं. नंबर लागला. आता मी कोकणात आहे, एका सरकारी मेडिकल कॉलेजात. इथे हवा इतकी ओली की घरून आणलेल्या मिरचीला महिन्याभरात बुरशी येते. मासळी खायला शिकले. ओपीडीत पेशंट विचारतात, "डॉक्टर, तुमचं गाव कुठलं?" अजून पूर्ण डॉक्टर नाही मी, पण त्यांना कोण सांगणार. मी नंदुरबार म्हणते, तर म्हणतात, ते गुजरातेत ना? सुरुवातीला चिडायचे. आता म्हणते, जवळच. रमिला तलाठी झाली. परवा फोनवर विचारत होती, अजून दोन पाकळ्याच आहेत ना झडपेला, की बदलल्या? आणि हे सगळं आबा मायला वाचून दाखवतील, तेव्हा ती म्हणेल, एवढं काय लिव्हानं? माय, ऐकून घे गप.

घर आठवतं का, विचारता. आठवतं. पण घर म्हटल्यावर मला दार, अंगण असलं काही डोळ्यांपुढे येत नाही. मागच्या दिवाळीला गेले होते. मिरचीचा हंगाम लागलेला, माय परत पथारीवर. मी सांगून बघितलं, आता सोड. तिने ऐकल्यासारखं केलं. निघताना पुन्हा तोच स्टँड, तीच नाशिकची गाडी. आबा टायरकडे बघत होते. मायने सवयीप्रमाणे मनगट वर केलं. मी तिचा हात धरला, उलटा केला आणि तळवा माझ्या गालावर दाबून ठेवला. ती ओरडली, "वं माय, मन्हा हात तिखा शेतस! सोड!" मी नाही सोडला. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा सोडला.

गाल साक्रीपर्यंत चुणचुणत होता. मी तो पुसला नाही.